कथा लिहिणे म्हणजे खोटे बोलणे काय?



संत तुकाराम नगरातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका अशी विनंती आहे, म्हणून नाव देत नाही. बाई एका कंपनीत पॅकिंगला कंत्राटी कामावर आहेत. पहिली पाळी असली की पहाटे पाचला घर सोडतात आणि जाता-येता कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर कथा लिहितात. अशी एक कथा त्यांनी घरात वाचून दाखवली. कथेतल्या सुनेचे एटीएम कार्ड सासूच्या डब्यात असते. एके दिवशी सून ते परत मागते. एवढीच गोष्ट. पण घरात वादळ उठले.

सासूबाई म्हणाल्या, "दर रविवारी विहारात पंचशील घेतेस आणि घरी येऊन असल्या खोट्या गोष्टी रचतेस? मी कधी तुझं कार्ड ठेवलं?" यजमान म्हणाले, "खोटं कुठाय त्यात? सगळं आपल्याच घरचं आहे. चार लोकांत अब्रू घालवायची आहे का?"

एकीचा आरोप कथा खोटी आहे असा, दुसऱ्याचा ती खरी आहे असा. आणि दोन्ही आरोप एकाच कथेवर! मला तर वाटते, कथा चांगली उतरली असावी.

पण सासूबाईंचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चौथे शील आपण रोज म्हणतो. अंबलट्ठिका येथे तथागतांनी लहानग्या राहुलाला खोटे बोलण्याविषयी उपदेश केला, तेव्हा थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये असे बजावले. सासूबाईंच्या बाजूचा हा मोठा पुरावा आहे, तो झाकून ठेवता येणार नाही. मात्र खोटे कशाला म्हणावे, याचाही विचार जुन्या पाली अट्ठकथांत झालेला आहे. गोष्ट असत्य असावी, समोरच्याला फसवण्याचा हेतू असावा, त्यासाठी बोलणे किंवा तसा प्रयत्न व्हावा आणि समोरच्याला ते तसे कळावे, ही चार अंगे जुळली म्हणजे मुसावाद होतो. कथा लिहिणारा आधीच सांगतो की ही कथा आहे. मग फसवणूक कुणाची झाली?

खुद्द भगवंतांनीही गोष्टी सांगितल्या. श्रावस्तीच्या एका राजाने जन्मांध माणसे गोळा करून त्यांच्यापुढे हत्ती उभा केला, कुणी कान चाचपला, कुणी पाय, आणि शेवटी सगळे भांडू लागले, ही गोष्ट उदान ग्रंथात त्यांच्याच तोंडी आहे. तो हत्ती खरोखर होता काय, असे कोणी विचारत बसले नाही. जातकाच्या 547 कथांत तर माकडे, हरणे, ससेसुद्धा बोलतात. सासूबाईंना हे निवांतपणे सांगावे. वाद घालू नये.

आता यजमानांचा प्रश्न. तो अवघड आहे. आपल्या घरातले दुःख, भांडण, दारू, मारझोड कागदावर आणली की समाजाची नाचक्की होते, विरोधकांच्या हाती कोलीत मिळते, असे आपल्यातले पुष्कळ शहाणे लोक म्हणत आले. 1978 साली दया पवार यांचे 'बलुतं' आले तेव्हा टीका बाहेरून झाली तशी घरातूनही झाली. ते तर आत्मकथन होते. कथा लिहिणाऱ्याची अडचण आणखी निराळी. आत्मकथनकार म्हणू शकतो की मी माझे सांगितले. कथाकाराला विचारतात, हा कोण, ती कोण, आमच्या गल्लीतली का? आपल्याकडे आत्मकथनाला आणि कवितेला जो मान मिळाला तो कथेला मिळाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाबुराव बागूल यांचे उदाहरण घ्या. नाशिकजवळच्या विहितगावचा हा माणूस रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेला गेला. तिथे जातीमुळे खोली मिळेना. जात लपवून राहावे लागले. ते सोसेना म्हणून नोकरी सोडून ते मुंबईला परतले. या अनुभवावर त्यांनी आत्मचरित्राचे प्रकरण लिहिले असते तर एका माणसाची हकिगत झाली असती. त्यांनी कथा लिहिली. 1963 साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला आणि भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगायला अडखळलेल्या प्रत्येकाला वाटले की हे माझेच आहे. जात लपवली तेव्हा बाबुरावांना खोटे बोलावे लागले होते. कथा लिहिली तेव्हा ते खरे बोलले. सासूबाईंनाही हे पटेल.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, ती म्हणजे वेळ. उर्मिला पवार यांनी 'आयदान' मध्ये (2003) ती मोकळेपणी सांगितली आहे. सरकारी नोकरी, मुले, स्वयंपाक, त्यात एम.ए.चा अभ्यास आणि बायकोचे घराबाहेर रमणे न रुचणारा नवरा. तरीही 1988 साली त्यांचा 'सहावं बोट' हा कथासंग्रह निघाला. त्यांची आई कोकणात बांबूच्या टोपल्या, सुपे विणून घर चालवीत असे. त्या विणण्याशीच उर्मिलाताईंनी आपल्या लिहिण्याचे नाते जोडले.

एवढा त्रास, मग लिहायचे कशाला? पैशासाठी तर नक्कीच नाही. अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा' कादंबरीला 1961 साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली होती. असा हा मोठा लेखक घाटकोपरच्या चिराग नगर झोपडपट्टीत वर्षानुवर्षे राहिला आणि 1969 साली विपन्नावस्थेत गेला. तरी आनंद आहेच. आमच्या या भगिनीने पत्रात लिहिले आहे, "कार्ड परत मागायची हिंमत मला आठ वर्षं झाली नाही. कथेतल्या सुनेनं ती दोन ओळींत मागितलं. लिहिताना माझा स्टॉप निघून गेला, पुढच्या चौकातून मागं चालत यावं लागलं." आठ वर्षांत जे तोंडातून निघाले नाही ते बसमध्ये निघाले. कथेचा आनंद तो हाच.

भगिनी, तुम्ही विचारले आहे की टोपणनाव घ्यावे काय? घ्यायला हरकत नाही. तुमच्या नगराला ज्यांचे नाव आहे त्या तुकोबांनी अभंगात आपले नाव घातले, आणि वह्या इंद्रायणीत गेल्या अशी परंपरा सांगते. अण्णाभाऊंचेही मूळ नाव तुकारामच, पण लोकांना माहीत आहेत ते अण्णाभाऊ. तुमचे तुम्ही ठरवा. मात्र कथेत थोडे बदल जरूर करा. सासूच्या कानातले, गुडघेदुखी, बोलण्यातली लकब हे जसेच्या तसे ठेवलेत तर सगळी आळी ओळखेल आणि म्हातारीला खाली उतरणे मुश्कील होईल. तिचा दोष दाखवा, पण तिला हे कार्ड का धरून ठेवावेसे वाटले तेही लिहा. तिच्या तरुणपणी तिच्या हातात कधी पैसा आला होता काय, हे तिलाच एकदा विचारून बघा. कथेला दुसरी बाजू मिळेल.

कार्ड मागण्याचा प्रसंग मात्र काढू नका. यजमानांनी आग्रह धरला तरी नाही. कथा आमच्याकडे पाठवा. वहीवर लिहिली असेल तर कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून.

जयभीम.