पोरं मैदानात उतरली पाहिजेत!

गेल्या रविवारी आम्ही वस्तीतली पोरं-पोरी घेऊन कोल्हापुरातली मैदानं हिंडलो. सकाळी गांधी मैदान, दुपारी शाहू स्टेडियम. इथल्या तालमी नुसत्या कुस्तीच्या नाहीत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि आख्खी पेठ आपल्या संघामागे उभी राहते.

स्टेडियमला नाव राजर्षी शाहूंचं. १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखणारा हा राजा. मग त्यांच्या नावाच्या मैदानात आमची पोरं नुसती टाळ्या वाजवायला का?

सोबतच्या एक ताई म्हणाल्या, "दादा, बुटांना पैसे कुठून आणायचे?" प्रश्न खरा आहे. पण कोल्हापूरचाच अनिकेत जाधव पुण्याच्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. प्रबोधिनीत राहण्या-जेवणाचा आणि शिकवणीचा भार शासन उचलतं. निवड चाचणी केव्हा असते, हे शाळेतल्या सरांना विचारा. मुलगी असली तरी विचारा. जयंतीच्या वर्गणीतून चार जोड बूट आणि एक चेंडू घेतला, तर बाबासाहेबांची जयंती काही लहान होणार नाही.