तिकिटावरची वेळ आणि अडीच तास

गेल्या महिन्यात शहापूरच्या एका घरी उमराहची तयारी चालली होती. तिकिटावर मुंबईहून निघणे रात्री 8, जेद्दाहला पोहोचणे 10.45. नातवाने वजाबाकी केली आणि सांगून टाकले, पावणेतीन तासांचा तर प्रवास. दादींचे जेवण आणि इन्सुलिन तिकडे उतरल्यावरच बघू. आम्ही सहज तिकीट हातात घेतले म्हणून बरे. त्यावरच्या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या असतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. जेद्दाहचे 10.45 म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे 1.15. प्रवास सव्वापाच तासांचा, शिवाय विमानतळावरचे आधीचे तीन तास. साखरेच्या रुग्णाने इतका वेळ उपाशी राहायचे?

तिकीट नसतानाही अंदाज काढता येतो. मुंबई-जेद्दाह हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर. ते सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढत नाहीत. पृथ्वीच्या गोलावर दोन गावांमध्ये ताणलेल्या दोऱ्याची ती लांबी असते. मुलांचा पृथ्वीगोल घरी असेल तर दोरा लावून बघा. मुंबईहून मक्केकडे असाच दोरा ताणला तर तो पश्चिमेपासून साधारण 10 अंश उत्तरेकडे निघतो. आपल्याकडचा किब्ला तोच. अल-बिरूनीने हजार वर्षांपूर्वी गझनीत शहरांचे अक्षांश-रेखांश मांडले, त्यामागेही हाच प्रश्न होता.

विमानाचा वेग ताशी 850 किलोमीटर धरा. भागाकार चार तासांच्या थोडा वर येतो. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. उरलेला अर्धा-पाऊण तास समोरून येणाऱ्या वाऱ्याचा, वळणाच्या हवाई मार्गाचा आणि धावपट्टीवरच्या रांगेचा. उंचावरचे वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून परतीला वेळ कमी लागतो. जेद्दाहहून रात्री 1 ला निघून मुंबईत सकाळी 8.15 ला उतरलात, तर सव्वासात तासांतून अडीच वजा करा, पावणेपाच.

हा हिशोब एहरामसाठीही लागतो. मीकात उतरण्याआधी, हवेतच ओलांडली जाते. विमानात घोषणा होते, पण डोळा लागला तर? म्हणून बहुतेक लोक एहरामचे कपडे मुंबईतच घालतात. रमजानमध्ये दुपारचे विमान असेल तर पश्चिमेकडे जाताना सूर्य लवकर बुडत नाही. रोजा दोन तासांहून अधिक लांबू शकतो. मनगटावरचे घड्याळ पाहून खजूर तोंडात टाकू नका, खिडकीबाहेर बघा.

1995 पर्यंत मुंबईहून हजला जहाजे जात, तेव्हा हिशोब दिवसांचा होता. आता 3,500 किलोमीटरला सव्वापाच तास लागतात आणि शहापूर ते मुंबई विमानतळ या 75-80 किलोमीटरला भिवंडी बायपासवर ट्रक अडकले की तीन तास! मुरबाडकरांना तर रेल्वेच नाही, आधी कल्याण गाठायचे. रात्री 8 च्या विमानासाठी 5 ला विमानतळावर हवे, म्हणजे शहापूरहून 2 च्या आत आणि मुरबाडहून त्याहीआधी निघा. विमान मुंबईहून आहे की नवी मुंबईहून, तेही तिकिटावर पाहून घ्या.

त्या घरच्यांनी डॉक्टरांना विचारून इन्सुलिनची वेळ ठरवली. दादींच्या हातात नातवाचे जुने घड्याळ बांधले, भारतीय वेळेवरच ठेवलेले. डबा पिशवीत वरच ठेवला आणि मंडळी दुपारी दीडला निघाली.