तपासणी गल्लीपर्यंत यायला हवी

टाळता येण्यासारख्या मृत्यूंची यादी केली, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तिच्यात अगदी वर येतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा आजार जडला आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. म्हणजे सरासरी दर साडेसहा मिनिटांना एक. हा कर्करोग होण्याच्या कितीतरी वर्षे आधी त्याच्या खुणा दिसू लागतात, त्या काही मिनिटांत ओळखता येतात आणि बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेविना नाहीशा करता येतात. हे गरीब वस्तीत, कमी खर्चात कसे करायचे याचा जगातला एक भक्कम पुरावा मुंबईच्याच झोपडवस्त्यांनी दिला. तरीही अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या वस्त्यांमध्ये ही तपासणी बायकांच्या नेहमीच्या आरोग्यसेवेचा भाग झालेली नाही. याचे खापर बायकांच्या लाजेवर किंवा अज्ञानावर फोडले जाते, ते मला साफ नामंजूर आहे. तपासणी रुग्णालयात बसून बायकांची वाट पाहते आणि बायका तिथवर पोहोचू शकत नाहीत, हे खरे कारण आहे.

आधी आजार समजून घेऊ. गर्भाशयाला घराघरांत पिशवी म्हणतात. या पिशवीचे योनीत उघडणारे तोंड म्हणजे गर्भाशयमुख. तिथल्या कर्करोगाच्या मुळाशी जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा विषाणू असतो. हा संबंध उलगडून दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांना २००८ चे नोबेल मिळाले. विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की, बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. त्यामुळे त्यावरून कुणाच्या चारित्र्याबद्दल काहीही ठरत नाही. बहुतेक वेळा शरीरच त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावते. काही जणींमध्ये मात्र, विशेषतः १६ आणि १८ क्रमांकांचे प्रकार चिवटपणे ठाण मांडतात आणि दहा-वीस वर्षांत पेशी बिघडत जाऊन कर्करोग होतो. या सगळ्या काळात दुखत नाही, खुपत नाही. संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, वास येणारे पांढरे पाणी, ओटीपोटात आणि कंबरेत सतत दुखणे ही लक्षणे दिसतात तेव्हा आजार बरेचदा पुढे गेलेला असतो. त्यातही ‘बाईला हे असायचेच’ म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. म्हणून तक्रार घेऊन आलेल्या बाईला तपासणे एवढ्यावर भागत नाही. जिची काहीच तक्रार नाही, तिला तपासावे लागते.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने नेमके हेच करून पाहिले. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत अभ्यास सुरू झाला. त्यात ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत तपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. साधन होते ४ टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे जवळपास आपले व्हिनेगर. कापसाचा बोळा त्यात भिजवून गर्भाशयमुखाला लावायचा, मिनिटभर थांबायचे आणि प्रखर प्रकाशात पाहायचे. पेशी बिघडलेल्या असतील तर तेवढा भाग पांढरा पडतो. प्रयोगशाळा लागत नाही, निकालासाठी आठवडाभर थांबावे लागत नाही. २०१३ मध्ये शिकागोच्या कर्करोग परिषदेत निष्कर्ष जाहीर झाले: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. भारतभर अशी तपासणी झाली तर वर्षाला सुमारे २२ हजार मृत्यू टळतील, असा संशोधकांचा हिशेब होता. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी या पद्धतीने तपासणी करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

सूचनांपासून प्रत्यक्षापर्यंतचे अंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसते. हे सर्वेक्षण ज्या संस्थेमार्फत होते, ती आपल्या उपनगरातच, देवनारला आहे. २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या देशभरात फक्त १.९ टक्के निघाल्या. ग्रामीण भागात १.७ आणि शहरी भागात २.२. शहर आणि खेडे यांच्यात जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक. रुग्णालय जवळ असल्याने तपासणी होत असती, तर शहरे पुष्कळ पुढे दिसली असती. अंधेरीच्या सीप्झमध्ये काम करणारी, मुलुंडच्या संकुलांत चार घरची धुणी-भांडी करणारी किंवा घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरून रोज उतरून कामाला जाणारी बाई राजावाडी किंवा कूपरपासून काही किलोमीटरवरच राहते. पण तिथे जायचे म्हणजे सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, ओपीडीत नंबर लावायचा आणि दिवसाचा खाडा सोसायचा. तोही काहीच दुखत नसताना. हिशेब करून संसार चालवणारी कुठलीही शहाणी बाई अशा वेळी कामावर जाणेच पसंत करील.

यावर पहिले उत्तर येते ते लाजेचे. बायका अशी तपासणी करून घ्यायला तयारच नसतात, असे म्हटले जाते. संकोच खरा आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण टाटाच्या अभ्यासात ज्यांना तपासणीसाठी बोलावले, त्यांच्यातल्या जवळपास दहापैकी नऊ जणी आल्या. त्याही याच शहरातल्या, याच थरातल्या, लाजणाऱ्याच बायका होत्या. फरक होता तो विचारण्याच्या पद्धतीत. कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, घरातल्या मंडळींशी बोलल्या आणि तपासणी वस्तीजवळ, बाईच्या हातून, पडद्याआड झाली. संकोच घालवण्यासाठी आधी व्याख्यान द्यावे लागते असे नाही. तो जपला गेला की बाई येते.

दुसरा आक्षेप लसीचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली एचपीव्हीची लस २०२३ मध्ये उपलब्ध झाली. लस आली आहे, मग तपासणीवर खर्च कशाला, असे विचारले जाते. लस मुलींना मिळालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नको. ९ ते १४ या वयात दिलेली लस उत्तम संरक्षण देते आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना एकाच मात्रेलाही मान्यता देते. पण आधीच मुरलेला संसर्ग लस घालवत नाही. आज लस घेणाऱ्या मुलीला हा धोका जाणवला असता तो वीस-तीस वर्षांनी; तिच्या आईला तो आज आहे. मुलीला लस आणि आईला तपासणी, एकाच घरातल्या दोघींना दोन्ही हवे. आईच्या पिढीला वगळले, तर पुढची दोन दशके हे मृत्यू आपण डोळ्यांदेखत होऊ देऊ.

तिसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. व्हिनेगरची तपासणी ढोबळ आहे, तपासणारीच्या नजरेवर अवलंबून आहे आणि कर्करोग नसलेल्या कितीतरी जणींना ती विनाकारण घाबरवते. याचे उत्तरही महाराष्ट्रातच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणी एकदाच केली तरी आठ वर्षांत मृत्यू निम्म्याच्या आसपास घटले. व्हिनेगरची तपासणी एकदाच केल्याने मात्र ठोस फरक दिसला नाही. मुंबईत तीच तपासणी दर दोन वर्षांनी झाली, तेव्हा मृत्यू घटले. म्हणजे एखाद्या दिवशी शिबिर भरवून, फोटो काढून काही साधत नाही. एक तर नेमाने परत परत तपासा, नाहीतर एचपीव्ही चाचणी आणा. या चाचणीत बाई स्वतःच, घरच्या घरी नमुना घेऊ शकते. संकोचाचा मोठा भाग तिथेच संपतो. परवडेल तसे त्या चाचणीकडे वळावे. पण ती येईपर्यंत काहीच न करणे हा शास्त्रीय पवित्रा ठरत नाही.

घबराटीचा मुद्दा मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण घबराट आजही आहे आणि तिचा बाजार होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजार ३०९ पैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरे पाणी आणि पोटदुखी अशा साध्या तक्रारींवर कर्करोगाची भीती दाखवली गेली, असे त्यांच्यातल्या अनेकींनी सांगितले. उपनगरातल्या बाईलाही ‘पिशवी खराब झाली आहे, काढून टाका’ हे वाक्य अनोळखी नाही. या भीतीवर सार्वजनिक, मोफत आणि विश्वासार्ह तपासणीइतका दुसरा उतारा नाही. पांढरा डाग दिसला म्हणजे पिशवी काढायची असे नसते. योग्य जागी असलेला डाग १०० अंशांपर्यंत तापवलेल्या छोट्या उपकरणाने काही सेकंदांत जाळता येतो आणि बाई त्याच दिवशी चालत घरी जाते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. टाटाच्या अभ्यासात तुलनेसाठी निवडलेल्या निम्म्या वस्त्यांतल्या स्त्रियांना आरोग्याची माहिती मिळाली, तपासणी मिळाली नाही. देशात तेव्हा तपासणीची पद्धतच नव्हती, त्यामुळे कुणाचे काही हिरावले नाही, असा युक्तिवाद झाला. त्यावर कठोर टीकाही झाली आणि त्या टीकेत वजन आहे. माझ्या मते हा वाद अभ्यास करणाऱ्यांपुरता नाही. ज्यांच्यामुळे आपल्याला उत्तर कळले, त्यांच्या शहरात उत्तर कळल्यावरही तपासणी मिळत नसेल, तर आता आपण सगळ्यांनीच त्या तुलनेच्या गटात बायकांना बसवून ठेवले आहे. तेही अभ्यासाचे कारण उरलेले नसताना.

करायचे काय, हे अवघड नाही. महापालिकेचे दवाखाने आणि आरोग्य केंद्रे आहेत, २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ वस्त्यांमध्ये उघडत आला आहे, घरोघरी जाणाऱ्या आरोग्य सेविका आणि स्वयंसेविका आहेत. प्रत्येक ठिकाणी आठवड्यातला एक दिवस, कामावरून परतणाऱ्या बायकांना जमेल अशा संध्याकाळच्या वेळी, या तपासणीसाठी राखून ठेवावा. मानधनावर राबणाऱ्या स्वयंसेविकांवर फुकटचे ओझे न लादता या कामाचे प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला द्यावा. डाग दिसलेल्या बाईला नुसती चिठ्ठी देऊन न सोडता राजावाडी, कूपर किंवा कांदिवलीच्या शताब्दीतली तारीख जागेवरच द्यावी आणि ती पोहोचली का, हे पाहावे. घाटकोपरचा एन, मुलुंडचा टी, अंधेरीचे के आणि बोरिवलीचा आर मध्य, अशा वॉर्डवार तीन आकडे दरवर्षी जाहीर करावेत: किती जणींची तपासणी झाली, किती जणींना उपचार लागले आणि किती जणींचे उपचार पूर्ण झाले. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपल्या वॉर्डातला तिसरा आकडा विचारावा. तो वाढला, की कर्करोगाचे मृत्यू घटतील. हे मुंबईने आधीच सिद्ध करून ठेवले आहे.