फलंदाज आणि अनुशेष

गेल्या डिसेंबरच्या, म्हणजे २०२५ च्या, २० तारखेस विश्वचषकासाठी भारताचा वीस षटकांचा संघ जाहीर झाला. त्यात अमरावतीच्या जितेश शर्माचे नाव नाही असे कळताच आमच्या वऱ्हाडात जो सूर उमटला तो आम्हांस जन्मापासून परिचित आहे. 'वऱ्हाडावर पुन्हा अन्याय झाला' हा तो सूर होय. धरणाचा निधी अडला, रेल्वेचा फाटा रखडला, कापसाचा भाव पडला की जे शब्द आम्ही उच्चारतो, तेच शब्द या वेळी एका यष्टिरक्षक फलंदाजाच्या बाबतीत जसेच्या तसे उच्चारले गेले. आमचा आक्षेप या शब्दांवर आहे. जितेशची निवड व्हावयास हवी होती, असे आमचेही मत आहे. परंतु ते मत वऱ्हाडी म्हणून नव्हे, क्रिकेट पाहणारे म्हणून आहे. आणि या दोहोंतील भेद आमच्या बांधवांस उमगत नाही, हेच आमचे दुखणे आहे.

वऱ्हाडाच्या तक्रारी खोट्या आहेत असे कोणी समजू नये. १९५३ च्या नागपूर कराराने आम्हांस आश्वासने दिली आणि १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने त्या आश्वासनांचे काय झाले याचा हिशेब मांडला. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून आमच्या बोलण्यात मुरला. सिंचनास तो लागू पडतो, रस्त्यांस लागू पडतो, शाळा-इस्पितळांसही पडतो. पण फलंदाजाची जागा ही जिल्हावार वाटून घ्यावयाची वस्तू नव्हे. ज्याने चेंडू मारावयाचा त्याला आम्ही मागास तालुक्यांच्या यादीत नेऊन बसवतो आणि वर त्याचा कैवार घेतल्याचे समाधान मानतो! याहून मोठा अपमान निवड समितीलाही करता आला नसता.

कैवाऱ्यांस आमचा साधा प्रश्न आहे. जितेश कसा खेळतो, हे आपणांपैकी किती जणांस सांगता येईल? अकरा कोटी हा आकडा सर्वांस पाठ आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात बंगळूरच्या संघाने त्याला त्या किमतीस घेतले आणि राजकमल चौकात अभिनंदनाचे फलक लागले. परंतु विदर्भाकडून तो २०१४ साली प्रथम खेळला होता. २०१६ साली मुंबईच्या संघाने त्याला घेतले आणि एकही सामना न खेळवता सोडून दिले. आयपीएलमधील पहिला सामना त्याला २०२२ च्या एप्रिलमध्ये पंजाबकडून मिळाला, तोही वीस लाखांच्या मूळ बोलीवर. २०१४ ते २०२२ या आठ वर्षांत त्याच्या नावाचा एकही फलक आमच्या पाहण्यात आला नाही. जो अभिमान लिलावाची हातोडी पडल्यावर जागा होतो, त्यास अभिमान म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि या मुलाच्या क्रिकेटचा उगम तरी कसा आहे? त्याला वायुदलात जावयाचे होते. राज्याकडून खेळल्यास परीक्षेत वाढीव गुण मिळतात, एवढ्यासाठी तो निवड चाचणीस गेला, असे त्यानेच सांगितले आहे. ज्या गावी १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, ज्या मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळाडू पाठवून देशी खेळ जगास दाखविले, त्याच गावातील मुलगा क्रिकेटकडे वळला तो गुणपत्रिकेच्या आडवाटेने. यात त्याचा दोष नाही. मात्र 'वऱ्हाडाने घडविलेला फलंदाज' असे छातीठोकपणे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग एकवार आठवावा.

आता त्याच्या खेळाविषयी. जितेश सहसा पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येतो. त्याच्या वाट्यास बहुधा दहा-पंधरा चेंडू असतात. डोळा बसावयास, खेळपट्टी ओळखावयास वेळ नसतो. पहिलाच चेंडू सीमेपार धाडावयाचा असतो आणि तसे करताना बाद झाल्यास 'बेजबाबदार' हे बिरुद ठरलेले असते. जुन्या रसिकांस ही फलंदाजीच वाटत नाही. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. दिवसभर उभे राहण्यास जसे मन लागते, तसेच दहा चेंडूंसाठी दीड तास पॅड बांधून बसण्यासही लागते.

२०२५ च्या मे महिन्याच्या २७ तारखेचा लखनौचा सामना घ्या. समोर २२७ धावांचा डोंगर. बंगळूरचे कर्णधारपदही त्या दिवशी त्याच्याकडेच होते. विराट कोहली बाद होऊन चौथा गडी पडला तेव्हा धावा १२३ झाल्या होत्या आणि निम्म्याहून अधिक षटके संपली होती. तेथून मयंक अगरवालच्या साथीने त्याने सामना ओढून नेला: ३३ चेंडूंत नाबाद ८५, आठ चौकार व सहा षटकार. मध्येच रिव्हर्स स्वीप मारताना त्याचा झेल गेला, पण चेंडू नो-बॉल ठरला. पुढच्याच चेंडूवर त्याने षटकार मारला. त्याच षटकात गोलंदाजाने त्याला दुसऱ्या टोकास धावबाद करण्याचा प्रयत्न केला. प्रतिस्पर्धी कर्णधार ऋषभ पंतने ते अपील मागे घेतले. दैवाने हात दिला हे खरे. पण दैवाने दिलेले चेंडू सीमेपार घालविण्याचे काम दैव करीत नाही. पुढे ३ जूनच्या अंतिम सामन्यात त्याने दहा चेंडूंत २४ धावा केल्या आणि बंगळूर अवघ्या सहा धावांनी जिंकले. या दहा चेंडूंची किंमत ज्याला कळली त्याला जितेश कळला.

याचीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ मध्ये त्याने आयपीएलमध्ये दर शंभर चेंडूंमागे १५६ धावांच्या गतीने ३०९ धावा केल्या होत्या. २०२४ मध्ये त्या १८७ वर आल्या आणि गती १३१ पर्यंत उतरली. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगचौ येथे नेपाळविरुद्ध भारताकडून तो प्रथम खेळला. तेव्हापासून २०२४ च्या जानेवारीपर्यंत नऊ सामन्यांतील सात डावांत त्याच्या धावा बरोबर शंभर झाल्या, त्यांत रायपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ३५ सर्वाधिक. तेव्हा त्याची जागा गेली ती वऱ्हाडी असल्यामुळे नव्हे. पुढे तो परतला, २०२५ च्या नोव्हेंबरात होबार्टला तेरा चेंडूंत नाबाद २२ धावा करून सामना संपवूनच मैदानाबाहेर आला. आणि तरीही डिसेंबरात त्यास वगळले, कारण निवड समितीस सलामीस येणारा यष्टिरक्षक हवा होता. आमच्या मते हा हिशेब चुकीचा आहे. सलामीवीर पुष्कळ मिळतात. अखेरच्या चार षटकांत पहिल्या चेंडूपासून मारणारा क्वचित मिळतो. वाद घालावयाचा तर तो या मुद्द्यावर घालावा. तेथे आमच्या बांधवांपैकी कोणी दिसत नाही. ते सारे अनुशेष मोजण्यात गुंतलेले आहेत.

आणखी एक आरोप आमच्या कानी आला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी जितेश विदर्भ सोडून बडोद्यास गेला, ही म्हणे कृतघ्नता! हे ऐकून आम्ही थक्क झालो. २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन वेळा विदर्भाने रणजी करंडक जिंकला, तेव्हा संघास शिकविणारे चंद्रकांत पंडित मुंबईचे होते. इराणी करंडकात २८६ धावा करणारा वासिम जाफर मुंबईचाच. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात शतक ठोकणारा करुण नायर कर्नाटकाचा, आणि करंडक मिळताच तो परतलाही. मुंबईचा मनुष्य नागपुरास आला तर तो व्यावसायिक, आणि अमरावतीचा बडोद्यास गेला तर तो कृतघ्न? त्याच वर्षी रणजी संघात यष्टीमागे कर्णधार अक्षय वाडकर उभा होता. जितेशला तेथे जागा नव्हती. ज्याला घरी पान वाढलेले नाही, त्याने शेजारच्या पंगतीस बसू नये काय? सांगलीत जन्मलेले विजय हजारे याच बडोद्याकडून वर्षानुवर्षे खेळले. नागपूरचे कर्नल सी. के. नायडू १९२३ साली होळकरांच्या आश्रयास इंदुरास गेले, १९३२ साली भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले, आणि होळकर संघाने त्यांच्या नेतृत्वाखाली चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूर आजही त्यांस आपले म्हणते, आणि ते योग्यच आहे.

इतके लिहून आम्ही अकोल्याकडे वळतो, कारण हाच खेळ तेथे पुन्हा मांडला जाण्याची लक्षणे आहेत. अकोल्याचा अथर्व तायडे हा डावखुरा सलामीवीर २०१७-१८ च्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावा करून गेला. तेव्हा त्याचे वय अठरा वर्षांचेही नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबरात नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर इराणी करंडकात त्याने १४३ धावा केल्या आणि विदर्भाने शेष भारतास ९३ धावांनी हरविले. हा जितेशच्या अगदी उलट प्रकृतीचा फलंदाज: सावकाश, दिवसभर उभा राहणारा. त्याच्या खेळाची चिकित्सा करावयाची वेळ हीच आहे. तो कोणाच्या यादीत नसतो तेव्हाची. उद्या तो कोठल्या तरी संघातून वगळला जाईल आणि मग त्याच्या नावानेही अनुशेषाची गणिते मांडली जातील. ऑक्टोबरातील त्या आठवड्यात टॉवर चौकात फलक कोणाचे लागले होते, ते अकोलेकर वाचकांनी आम्हांस अवश्य कळवावे.