परांची बांधण्यापूर्वी

दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याची आपल्या पेठेतील रीत जुनी आहे. पाऊस ओसरला की भिंतींचे पोपडे दिसू लागतात, छज्जाखालचे ओलीचे डाग डोळ्यांत भरतात आणि गवंडी, रंगारी, सुतार यांची ये-जा सुरू होते. दर काय, रंग कोणत्या कंपनीचा, हात किती मारणार, उचल किती द्यायची, ही सारी चौकशी आपण व्यापाऱ्याच्या सवयीने बारकाईने करतो. कामगारांच्या विम्याचे मात्र कोणी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते.

गोष्ट गेल्या वर्षीची. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी आमची दुमजली वास्तू. कंत्राटदार वडिलांच्या वेळेपासूनचा, म्हणून करारपत्रही केले नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी परांचीचा एक बांबू दोरातून निसटला आणि वीस-बावीस वर्षांचा एक रंगारी पहिल्या मजल्याच्या उंचीवरून खालच्या फरशीवर पडला. मनगट आणि टाच, दोन्ही मोडले. त्याला रिक्षातून रुग्णालयात नेताना कंत्राटदार म्हणाला, "शेठ, काळजी करू नका, आपला विमा आहे."

विमा होता, हे खरेच. परंतु दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर दाखविलेल्या पॉलिसीची मुदत जूनमध्येच संपलेली होती. मुदत शिल्लक असती तरी वाद अटळ होता, कारण तीत चारच कामगारांची नोंद होती, आमच्याकडे सात होते आणि कामाचे वर्णन 'घरातील रंगकाम' असे होते. शस्त्रक्रियेचा बहुतेक खर्च आम्ही दिला. कंत्राटदाराने थोडी रक्कम आणून दिली, नंतर फोन उचलणे बंद केले. मुलगा गावी परतला. त्याचे मनगट अजून पूर्ण वळत नाही. उजवा हात आहे. आमच्या आईने त्या काळात एकदाही पैशांचा विषय काढला नाही. ती एवढेच विचारी, "त्याला पुन्हा ब्रश धरता येईल का रे?"

पुढे एका वकील मित्राने मला कायद्याची बाजू समजावून सांगितली. कामगार नुकसानभरपाईचा मूळ कायदा १९२३ चा. त्यातील तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. एकाहून अधिक मजल्यांच्या, किंवा जमिनीपासून छताच्या टोकापर्यंत बारा फूट वा अधिक उंचीच्या इमारतीची दुरुस्ती करणारा कामगार त्या कायद्याच्या यादीत होता. बारा फूट म्हणजे आपले जवळपास प्रत्येक घर आले. 'चार दिवसांचा रोजंदारीवाला' ही सबबही २००० च्या दुरुस्तीपासून उरली नाही.

रकमेचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. कामगाराचा मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे असते. २०२० मध्ये हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरविण्यात आली. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. तेव्हा ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. उपचाराचा खर्च याव्यतिरिक्त. देय रक्कम महिन्याभरात न दिल्यास वर्षाला १२ टक्के व्याज, आणि दिरंगाईला सबळ कारण नसेल तर वर दंडही. आपण व्याजाचा हिशेब जाणणारी माणसे, तेव्हा अधिक सांगणे नको.

ही जबाबदारी प्रथम कंत्राटदाराची, हे खरे. पण तो कंत्राटदार होता की आपण नेमलेला नुसता मुकादम, हे सिद्ध करावयास कागद लागतो. कागद नसेल तर घरमालकालाही नोटीस येते. नाक्यावरून आपणच दोन माणसे बोलावून आणली, तर मधे कंत्राटदार नसतोच. तेथे मालक आपणच.

यंदा मागच्या बाजूचा गिलावा काढून नव्याने करावयाचा होता. नव्या कंत्राटदाराला पॉलिसी मागितली, तेव्हा त्याला ते लागले. "इतकी वर्षे काम करतो, असे कोणी विचारले नाही." मी त्याला म्हटले, "भाऊ, मी उधारीवर माल देताना सख्ख्या मामाच्या दुकानाचीही सही घेतो." तो हसला, आणि दोन दिवसांनी पॉलिसीची प्रत घेऊन आला. प्रतीवर न थांबता विमा कंपनीच्या शाखेत फोन करून क्रमांक, नाव, मुदत पडताळली आणि हप्ता जमा झाल्याचीही खात्री केली. हप्ता मिळाल्यावाचून कंपनीवर जोखीम येत नाही, असे १९३८ चा विमा कायदा सांगतो. न वटलेल्या चेकचा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही?

त्या पॉलिसीत उंचीवरील काम होते, परंतु माणसे सहाच होती आणि येणार होती नऊ. शिवाय वैद्यकीय खर्चाची मर्यादा इतकी कमी होती, की एक शस्त्रक्रियाही तीत बसली नसती. कंपनीकडून तीन नावे वाढवून घेतली, वैद्यकीय मर्यादाही वाढविली. जादा हप्ता कोणी भरावा यावर थोडी घासाघीस झाली. अखेर आम्ही भरला. दोन हात रंगाच्या एकूण खर्चापुढे तो किरकोळ होता. खाली रस्त्यावर कोणाच्या डोक्यावर वा गाडीवर वीट पडली तर त्यासाठी निराळे संरक्षण लागते. तेही त्याच्याकडे होते, एवढे पाहून घेतले.

या वेळी साधे दोन पानी करारपत्र केले. कामगार त्याचे, मजुरी तो देणार, विमा काम संपेपर्यंत चालू ठेवणार, आणि नोंदीपेक्षा जास्त माणूस परांचीवर चढणार नाही. शेवटच्या कलमावर पहिल्याच आठवड्यात वेळ आली. सकाळी मोजले तर दहा जण. दहावा कंत्राटदाराच्या भाच्याचा मित्र होता, काम शिकायला आलेला. त्याला दिवसभर खाली वाळू चाळावयास बसविले, आणि दुपारी आईने त्याच्यासाठीही चहा पाठविला.