दुखणं दलाल नव्हे, एकटा दलाल

शेतमालाच्या भावाचा विषय निघाला की एक उपाय हमखास सुचवला जातो : मधला दलाल काढा, माल थेट ग्राहकाला द्या. या उपायाची परीक्षा घ्यायला लखनऊ छावणीइतकी सोयीची जागा सापडणार नाही. इथे सैन्याच्या मध्य कमांडचं मुख्यालय आहे, आर्मी मेडिकल कोरचं केंद्र आहे. ग्राहक एकच, मोठा आणि बारमाही. माणशी भाजी किती, फळं किती, हे शिधामानात आधीच ठरलेलं. दशहरी आंब्याचं मलिहाबादही पंचवीस-तीस किलोमीटरवर. थेट खरेदी इथे जमायला हवी. पण सैन्याचा ताजा शिधा बहुतांशी निविदा काढून ठेकेदारांकडूनच घेतला जातो.

हे सगळं दलालांचं कारस्थान, असं 'थेट'वाले म्हणतील. सोबत रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासातले आकडेही पुढे करतील : ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला सुमारे ३३ पैसे, कांदेवाल्याला ३६, बटाटेवाल्याला ३७. आकडे खरे आहेत, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र कच्चा आहे. उरलेल्या पैशांत बारदाना, हमाली, गाडीभाडं, वाटेत सडलेला माल आणि हातगाडीवाल्याचं पोट, एवढं सगळं येतं.

मलिहाबादच्या कित्येक बागा फळ धरण्याआधीच ठेकेदाराच्या हाती जातात. कोकणातल्या हापूसच्या बागांची कथाही फारशी वेगळी नाही. बागवानाला हिशेब कळत नाही म्हणून हे घडत नाही. फवारणीला पैसा आज लागतो, आंबा जूनमध्ये उतरतो आणि मधल्या एका वादळात कैऱ्यांचा सडा पडू शकतो. ठेकेदार उचल देतो, वादळाचा धोका अंगावर घेतो आणि त्याचं मोल दामदुपटीने वसूलही करतो. त्याला हाकललं तरी उचलीची गरज आणि वादळ दोन्ही जागच्या जागी राहतात.

कायदे बदलूनही पाहिले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियंत्रणातून मोकळा केला, अडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. उत्तर प्रदेशाने २०२० मध्ये तोच रस्ता धरला. तरी पुण्याचं मार्केट यार्ड ओस पडलं नाही, लखनऊची दुबग्गा मंडीही नाही. तिथे माल त्याच दिवशी विकला जातो, ही सोय कायदा बदलल्याने जागची हलत नाही.

मग मधलं कुणीच नको, सैन्याने स्वतःच पिकवावं? दुधाच्या बाबतीत तो प्रयोग झाला. १८८९ मध्ये अलाहाबादेत पहिला मिलिटरी फार्म निघाला, पुढे देशभरातल्या छावण्यांत असे गोठे उभे राहिले. ३१ मार्च २०२१ ला ते सगळे कायमचे मिटले.

खरं दुखणं महालेखापरीक्षकांच्या (कॅग) २०१०-११ च्या अहवालात सापडतं. सैन्याच्या शिधापुरवठ्याची तपासणी करताना त्यांनी ताज्या मालाच्या ठेक्यांतल्या तोकड्या स्पर्धेवर बोट ठेवलं. मधला माणूस असणं परवडतं. तो एकटाच असला की विकणारा आणि घेणारा दोघेही अडतात.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी यावरचा उपाय करून दाखवला आहे. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी 'महाग्रेप्स' उभी केली. २०११ पासून नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची 'सह्याद्री' ही शेतकऱ्यांची कंपनी तेच काम मोठ्या पसाऱ्यावर करते आहे. प्रतवारी, शीतगृह, गाडी, परदेशी खरेदीदाराशी बोलणी, म्हणजे दलालाचंच सगळं काम. फरक इतकाच की ते करणारी संस्था शेतकऱ्यांच्या मालकीची आहे.

शेतकऱ्यांच्या अशा एका गटाला लखनऊ छावणीची बारमाही भाजी पुरवता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सगळा ठेका मागायचं कारण नाही. हंगामातला आंबा, हिवाळ्यातला बटाटा-कोबी एवढ्याचे वेगळे, छोटे ठेके काढावेत. अनुभवाचा दाखला आणि जड अनामत या अटी नव्या गटांसाठी सैल कराव्यात. आणि बिल आठवड्यात चुकतं करावं. अडत्या रोकड मोजत असताना सरकारी धनादेशाची महिनोन्‌महिने वाट पाहायला मलिहाबादचा कोणताही बागवान तयार होणार नाही.