तुमच्या मताचं वजन किती?

समजा, हॉस्टेलच्या एका रूममध्ये दोघं राहतात. एक केरळचा, दुसरा राजस्थानचा. लोकसभेला दोघंही मत देतात. एक माणूस, एक मत. हिशेब सरळ आहे ना? नाही.

२०११च्या जनगणनेनुसार केरळमध्ये एका खासदारामागे साधारण १६ लाख ७० हजार लोक आहेत. राजस्थानात २७ लाखांहून जास्त. आपल्या महाराष्ट्रात २३ लाखांच्या पुढे. म्हणजे केरळवाल्याचं मत जड, राजस्थानवाल्याचं हलकं.

असं झालं कसं? १९७१ मध्ये केरळ काय आणि उत्तर प्रदेश काय, एका खासदारामागे दहा-साडेदहा लाखच लोक होते. कुटुंबनियोजन नीट करणाऱ्या राज्यांच्या जागा घटू नयेत, म्हणून १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने हे वाटप गोठवलं. ८४व्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. २००८ मध्ये मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, पण राज्यांच्या जागा तेवढ्याच राहिल्या.

आता एकूण ५४३ जागा तशाच ठेवून २०११चे आकडे लावून बघा. केरळच्या २० जागांच्या १५ होतात, तमिळनाडूच्या ३९च्या ३२. उत्तर प्रदेश ८० वरून ९०च्या घरात जातो. महाराष्ट्र ४८ वरून ५०.

मग एकूण जागाच वाढवल्या तर? कुणाचीच जागा जाणार नाही, पण प्रश्न सुटत नाही. संसदेत बहुमत मोजलं जातं, आणि केरळचा वाटा ३.७ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर येणारच. खुर्च्या वाढल्या तरी वजन कमी.

‘आपल्याला काय, आपल्या दोन वाढतायत’ असं म्हणणं सोपं आहे. पण २०२३च्या कायद्याने महिलांचं एक तृतीयांश आरक्षणही याच फेररचनेला जोडलं. वर्गातल्या किती मुली पुढे लोकसभेत दिसतील, हेही यात अडकलंय.

मला वाटतं, लोकसभेत प्रत्येक मत समान हवं, यात तडजोड नको. पण मग राज्यांचा आवाज म्हणून असलेल्या राज्यसभेचं काय? तिथेही जागा मुख्यतः लोकसंख्येवरच ठरल्यात: उत्तर प्रदेश ३१, केरळ ९. अमेरिकेत सिनेटमध्ये लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा. तसंच्या तसं उचलायला नको, पण लहान राज्यांना तिथे थोडं झुकतं माप देता येईल. नाहीतर चांगलं काम केलं म्हणून मार्क कापल्यासारखं होईल. आणि ते कसं वाटतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.